न लिहिलेल्या मागणीची मोजदाद

महाराष्ट्रातील बहुसंख्य नोकरदारांच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून वजा होतात, आणि ही वजावट आपण इतक्या सवयीने पाहतो की, दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या मजुरीची तरतूद व्हावी म्हणून 1975 मध्ये हा कर बसवण्यात आला होता, याचे स्मरण शहरात फार थोड्यांना उरले आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 1965 मध्ये रोजगार हमीच्या ज्या कल्पनेचा लहानसा प्रयोग करून पाहिला, तिला 1972-73 च्या भीषण दुष्काळाने राज्यव्यापी रूप दिले. 1977 मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले, 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला, आणि पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने हीच हमी साऱ्या देशाच्या ग्रामीण भागाला लागू केली. आता त्या केंद्रीय कायद्याची जागा डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने घेतली असून, त्यात शंभराऐवजी 125 दिवसांच्या कामाचे वचन आहे, आणि नियोजन, लेखापरीक्षण व गैरव्यवहाराचा शोध यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याचा उल्लेखही आहे. या यंत्राकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याचा विचार करण्याची वेळ म्हणूनच हीच आहे, कारण एकदा शिरस्ता पडला की तो मोडणे आपल्या राज्यकारभारात किती दुर्घट असते हे सर्वजण जाणतात.

रोजगार योजनेचे मूल्यमापन म्हणजे किती मनुष्यदिवस भरले आणि किती कोटी खर्ची पडले याचा ताळेबंद नव्हे. ज्या बाईने चैत्र-वैशाखात नालाबांधावर मातीच्या पाट्या वाहून मजुरी मिळवली, तिला ते काम मिळाले नसते तर तिने काय केले असते, हा मूल्यमापनाचा खरा प्रश्न आहे. ती कुणाच्या मळ्यावर खुरपणीला गेली असती, मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडली असती, की घरी रिकामी बसली असती, यांपैकी जे घडले असते त्याची किंमत मजुरीतून वजा केल्यावर उरते ते योजनेचे देणे. आणि जे घडलेच नाही ते कोणत्याही दफ्तरात सापडत नाही, हीच या विद्येतील मूळ अडचण आहे. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने 1975 पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा या गावांत आपले पाहणीदार मुक्कामास ठेवले होते, आणि ते दर काही आठवड्यांनी त्याच कुटुंबांना भेटून कोण कुठे किती दिवस कामाला गेले, काय मिळाले, काय विकले, याची नोंद वर्षानुवर्षे करीत राहिले. त्या नोंदींच्या आधारे गौरव दत्त व मार्टिन राव्हालियन यांनी 1994 मध्ये असे दाखवले की, रोजगार हमीवर गेल्यामुळे मजुरांना जे उत्पन्न सोडावे लागले ते मिळालेल्या मजुरीच्या पाव हिश्श्याच्या आसपास होते. म्हणजे हमीच्या कामावर मिळणाऱ्या रुपयातील बराच मोठा भाग मजुराच्या घरी निव्वळ भर म्हणून पडत होता. त्याही आधी, 1948 मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात पाणी मिळालेला प्रदेश आणि शेजारचा कोरडवाहू प्रदेश यांची तुलना करण्याची दृष्टी होती. सरकारी पैशाने काय साधले हे जमिनीवर उतरून, तुलनेने तपासण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि नव्या यंत्राचे स्वागत त्या परंपरेच्या ओसरीवरच व्हावे असे मला वाटते.

या यंत्रविद्येला मशीन लर्निंग म्हणतात. तिचे सामान्य सामर्थ्य अनुमान करण्यात आहे: वय, जमीन, पाऊसमान, शिक्षण, कुटुंबातील माणसे अशा शेकडो गोष्टी तिच्यापुढे ठेवल्या की कोणत्या कुटुंबाचे उत्पन्न किती असेल हे ती बऱ्याच अचूकपणे सांगू शकते. पण अनुमान निराळे आणि परिणाम निराळा. गेल्या दहा-बारा वर्षांत सुझन अ‍ॅथी, 2021 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे गिडो इम्बेन्स, स्टेफान वेगर आदी विद्वानांनी या विद्येला परिणाम मोजण्याच्या कामास लावण्याच्या रीती शोधल्या. त्यांतील एका रीतीत लोकसमूहाची पुन्हापुन्हा विभागणी केली जाते, आणि प्रत्येक विभागात योजना मिळालेले व न मिळालेले यांच्या स्थितीतील अंतर काढून, अशा हजारो विभागणींची सरासरी घेतली जाते. सरासरीने योजनेचा लाभ अमुक झाला एवढ्यावर न थांबता, भूमिहीन विधवेला किती, दोन एकरवाल्याला किती, पन्नाशी उलटलेल्याला किती, हे त्यातून दिसू लागते. आणि संशोधकाने आधीच मनात धरलेला विभाग डेट्यावर लादण्याचा मोह त्यात पुष्कळ अंशी टळतो. हा लाभ लहान नाही. सरासरीच्या आड दडलेली माणसे सरासरीच्या आधारे ठरलेल्या धोरणात नेहमीच मागे पडतात.

तथापि, गणिताची रीत कितीही सूक्ष्म असली तरी तुलनेचा पाया खोटा असेल तर ती खोट्याचीच सूक्ष्म गणना करते, याचा दाखला अमेरिकेतून मिळतो. तेथे 1970 च्या दशकात दीर्घकाळ बेकार असलेले, तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडू पाहणारे व सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या माता यांना देखरेखीखालील काम देण्याचा एक प्रयोग झाला, आणि कोणाला काम द्यायचे व कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यामुळे त्याचा खरा परिणाम कळू शकला. 1986 मध्ये रॉबर्ट लालोंड यांनी एक धाडसी परीक्षा घेतली: चिठ्ठीने वगळलेली माणसे बाजूला ठेवून, त्यांच्या जागी राष्ट्रीय पाहण्यांतून घेतलेली माणसे तुलनेला उभी केली आणि त्या काळच्या प्रचलित सांख्यिकी पद्धती लावून पाहिल्या. उत्तरे एकमेकांशी जुळेनात, आणि कित्येक उत्तरांनी तर लाभाच्या जागी तोटा दाखवला. ज्यांना काम मिळाले ती माणसे आधीच इतकी खचलेली होती की सर्वसामान्य नागरिकाशी त्यांची तुलना करणेच अन्यायाचे होते. पुढील चाळीस वर्षांत या विषयावर जे ग्रंथ आणि लेख लिहिले गेले त्यांतील पुष्कळसे या एका परीक्षेला दिलेले उत्तर आहे, आणि नव्या यंत्ररीतींनाही आपली कसोटी आजवर तिच्यावरच द्यावी लागते.

आपल्याकडे 2005 चा कायदा फेब्रुवारी 2006 मध्ये 200 जिल्ह्यांत, पुढच्या वर्षी आणखी 130 जिल्ह्यांत आणि एप्रिल 2008 पासून उरलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. या टप्प्यांचा आधार घेऊन अनेक अभ्यास झाले. पण पहिला टप्पा मागास जिल्ह्यांचा होता, त्यामुळे आधीची आणि नंतरची गावे मुळातच सारखी नव्हती, हे भान प्रत्येक अभ्यासकाला ठेवावे लागले. अविभाजित आंध्र प्रदेशात मात्र मजुरी देण्याची स्मार्टकार्डाची नवी पद्धत कोणत्या मंडलांत आधी आणायची हे 157 मंडलांपुरते चिठ्ठ्यांनी ठरवले गेले, आणि कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस व संदीप सुखटणकर यांना त्यामुळे जे दिसले ते विचार करायला लावणारे आहे: योजनेचा कारभार सुधारल्यावर गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढले खरे, पण त्या वाढीचा फार मोठा हिस्सा योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता, बाहेरच्या शेतमजुरीचे दर वर गेल्यामुळे तो आला होता. याचा अर्थ असा की, एकाच गावातील जॉबकार्डवाल्या आणि जॉबकार्ड नसलेल्या मजुरांची तुलना करून यंत्राने योजनेचा परिणाम काढला तर तो फसवा निघेल, कारण जो कधीच हमीच्या कामावर गेला नाही त्याचीही मजुरी हमीने वाढवली. शेतमालकाशी बोलणी करताना दुसरे काम मिळू शकते हे नुसते ठाऊक असणे हीच मजुराची शक्ती असते, आणि ती हजेरीपटावर उमटत नाही.

हजेरीपटावर न उमटणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे नाकारलेली मागणी. कामासाठी मजुराने नमुना 4 मध्ये अर्ज द्यावा, त्याची तारीख घातलेली पोच त्याला मिळावी, पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता मिळावा, पहिल्या तीस दिवसांसाठी निदान पाव मजुरी व नंतर निदान अर्धी मजुरी, अशी 2005 च्या कायद्याची योजना होती आणि भत्त्याचा भार राज्यावर होता. कागदावर याहून स्वच्छ व्यवस्था कोणती असणार? प्रत्यक्षात मात्र अनेक गावांत अर्ज तोंडी असतो. ग्रामरोजगार सेवक नाव एका वहीत टिपून घेतो, वरून कामाला मंजुरी येते, मस्टर निघण्याची वेळ होते, आणि तेव्हाच मागणीची नोंद संगणकात चढते, जेणेकरून मागणीची तारीख व कामाची तारीख यांत पंधरा दिवसांचे अंतर पडूच नये. वीस बायका फाल्गुनात काम मागायला आल्या, त्यांतल्या बारा जणींना वैशाखात काम मिळाले, तर दफ्तरात बारा मागण्या आणि बारा पूर्तता अशी निर्दोष नोंद राहते. उरलेल्या आठ जणी कागदावर जन्मालाच आलेल्या नसतात. पोच न देण्यात ग्रामरोजगार सेवकाचा दुष्टपणा असतो असे मी म्हणत नाही. पोच म्हणजे भत्त्याचे दायित्व, दायित्व म्हणजे वरिष्ठांचा खुलासा, आणि खुलाशाला भिणाऱ्या, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या त्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरून नाही.

ही अडचण नवी नाही. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर हमीच्या कामाची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, तेव्हा मजूर अधिक संख्येने यायला हवे होते. हजेरी मात्र घटली. राव्हालियन, दत्त आणि शुभम चौधरी यांना त्या आकड्यांच्या अभ्यासावरून असा निष्कर्ष काढावा लागला की, कामाचे वाटप आता मर्यादित केले जात आहे, म्हणजे हमी पूर्णपणे पाळली जात नाही. तारीखवार मागणीची नोंद विश्वासार्ह असती तर हेच सत्य कोणत्याही तहसिलीच्या अव्वल कारकुनाने साध्या बेरजेने सांगितले असते. ज्या यंत्राला केवळ बारा जणींचीच माहिती आहे, त्याला आठ जणींचा शोध लावण्याची आज्ञा देणे व्यर्थ आहे, आणि त्याहून घातक असे की ते यंत्र त्या बारा जणींवरून सबंध गावाविषयी अत्यंत आत्मविश्वासाने निर्णय देईल.

देखरेखीच्या साधनांनी नोंदी शुद्ध होतील अशी आशा बाळगणाऱ्यांनी हजेरीच्या मोबाइल अ‍ॅपचा अनुभव लक्षात घ्यावा. 1 जानेवारी 2023 पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्व कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र चढवणे सक्तीचे झाले; आणि जुलै 2025 मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की, असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र, प्रत्यक्ष मजूर व नोंदवलेले मजूर यांच्या संख्येतील तफावत असे प्रकार सर्रास चालले आहेत. दुसरीकडे, डोंगरपायथ्याला जाळे नाही म्हणून छायाचित्र चढले नाही तर दिवसभर घाम गाळलेल्या माणसाची हजेरी बुडण्याची भीती असते. अशा नोंदी शिकवणीसाठी यंत्रापुढे ठेवल्या तर, जिथे मोबाइलचे जाळे चांगले तिथे मजूर प्रामाणिक, असे काहीतरी ते शिकेल.

यंत्र ज्या कामी खरोखर उपयोगी पडेल असे मला निःसंशय वाटते ते काम निराळे आहे, आणि त्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे. दुष्काळाच्या त्याच 1972 सालच्या जुलै महिन्यात लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह आकाशात गेला. तेव्हाची चित्रे ढोबळ होती; परंतु 1980 च्या दशकापासून तीस मीटरपर्यंतचा आणि 2015 पासून युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांमुळे दहा मीटरपर्यंतचा तपशील त्यांत सापडतो. रोजगार हमीतून राज्यभर बांधलेल्या पाझर तलावांपैकी कोणत्यांत माघानंतरही पाणी दिसते, कोणते गाळाने भरले, कोणत्या बांधाच्या खालच्या अंगाला रब्बीची हिरवळ पूर्वीपेक्षा टिकू लागली, याचा शोध मनुष्याला डोळ्यांनी घेणे अशक्य आहे आणि यंत्राला सहज शक्य आहे. शिवाय काम होण्याआधीची आणि नंतरची अशी दोन्ही चित्रे तेथे असतात आणि ती कोणत्याही कारकुनाच्या लेखणीवर अवलंबून नसतात. "खड्डे खणायचे आणि बुजवायचे" ही जी टीका या योजनेच्या माथी पन्नास वर्षे मारली गेली, तिची शहानिशा गावागणिक होऊ शकेल. मात्र उपग्रहाला सातबारा वाचता येत नाही. पाणी ज्याच्या विहिरीला उतरले तो बहुधा जमीनधारक असतो, आणि ज्या बाईने माती वाहिली तिच्या नावावर गुंठाभरही नसते. म्हणून हिरवळीच्या नकाशाला जमिनीच्या दफ्तराची जोड दिल्याखेरीज लाभ कोणाला झाला हे कळणार नाही, आणि ती जोड देण्याचे धैर्य शासनाने दाखवले पाहिजे.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: काम कोणाला द्यावे हे यंत्राने ठरवावे काय? पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये, निवडणुकीनंतरच्या यादवीतून देश सावरत असताना, तरुणांना सात महिने सार्वजनिक कामावर घेण्याची योजना झाली. अर्जदार जागांपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे जाहीर सोडत काढली गेली, आणि मारियान बर्ट्रांड, ब्रुनो क्रेपाँ आदी अर्थशास्त्रज्ञांनी तिचे परीक्षण करताना वर सांगितलेल्या विभागणीच्या यंत्ररीतीचा अवलंब केला. काम चालू असतानाचा लाभ निरनिराळ्या अर्जदारांत फार निरनिराळा होता, असे त्यांना आढळले. काम संपल्यानंतरच्या लाभात तसा फरक दिसला नाही. जो येईल त्याला सोडतीत घेण्यापेक्षा, ज्यांना लाभ अधिक होईल अशांना निवडले असते तर खर्चाचे चीज पुष्कळ अधिक झाले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या देशापुरता तो मला मान्य आहे, कारण तिथे जागा मोजक्या होत्या आणि हक्क कोणालाच नव्हता. आपल्याकडे तो तसाच उचलला तर अनर्थ होईल. पागे यांच्या कल्पनेचा गाभाच हा होता की, अंगमेहनतीचे काम त्या मजुरीवर करायला जो उभा राहतो त्याची निवड त्यानेच केलेली आहे. तहसीलदाराने, पुढाऱ्याने किंवा आणखी कोणी त्याची पात्रता ठरवायची नाही. त्या जागी उद्या यंत्र बसले आणि तुला लाभ कमी होईल म्हणून तुझा अर्ज मागे असे म्हणू लागले, तर हमी संपली आणि कृपा सुरू झाली असे समजावे. ऑस्ट्रियात बेकारांचे भवितव्य वर्तवून त्यांची तीन वर्गांत वाटणी करणारी गणनपद्धत तयार झाली, तेव्हा तिच्यात स्त्री असण्याचे, पन्नाशी ओलांडल्याचे, आणि केवळ स्त्रियांच्याच बाबतीत मुलांच्या संगोपनाचे गुण वजा होत असल्याचे उघड झाले. 2020 मध्ये तेथील विदा-संरक्षण प्राधिकरणाने तिला मनाई केली आणि पुढे तो वाद न्यायालयात गेला. तिने बाजारातील जुना अन्याय शिकून घेतला होता, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे की, यंत्राने योजनेचा आणि ती राबवणाऱ्या प्रशासनाचा हिशेब मागावा. काम मागणाऱ्याचा मागू नये. कोणत्या तालुक्यात मजुरी उशिरा पोचते, कोणत्या हंगामात काम अपुरे पडते, कोणत्या प्रकारच्या कामाने गावातून होणारे स्थलांतर थांबते, हे त्याने शोधावे, आणि नवी पद्धत आणताना ती कोणत्या तालुक्यांत आधी आणायची हे आंध्राप्रमाणे जाहीर चिठ्ठ्यांनी ठरवून त्याला खरी तुलना पुरवावी. पण या साऱ्याच्या आधी नाकारलेली मागणी लिहिली गेली पाहिजे, आणि नव्या कायद्याने ती लिहिण्याची ओढ आणखी क्षीण केली आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा खर्च केंद्र उचलत असे. आता बहुतेक राज्यांसाठी तो 60 आणि 40 अशा प्रमाणात वाटला गेला आहे, केंद्र प्रत्येक राज्याचे नियतवाटप आधीच ठरवणार आहे आणि त्यावरचा खर्च राज्याच्या माथी येणार आहे. ज्या राज्याला प्रत्येक नोंदलेल्या अर्जामागे आपल्या तिजोरीतून पैसे मोजावे लागतील, त्या राज्यातील दफ्तरे अर्जांविषयी मुकी होत जातील हे उघड आहे.

महाराष्ट्राने यावर आपल्या अधिकारातली एक गोष्ट करावी. बेरोजगार भत्त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली आगाऊ रक्कम ठेवावी, व्यवसाय कराचा मूळ हेतू स्मरून ती त्याच्या उत्पन्नातून ठेवावी, आणि भत्ता देय झाला म्हणून ग्रामरोजगार सेवकाकडून वा तहसीलदाराकडून खुलासा मागितला जाणार नाही असा लेखी हुकूम काढावा. खुलासा मागायचा तो, गावात काम नसताना एकही मागणी नोंदली न गेलेल्या कार्यालयाकडून. भत्त्याची ही रक्कम वर्षाखेरीस किती खर्ची पडली आणि कोणत्या तालुक्यांत पडली, याचा तक्ता ग्रामसभांपुढे आणि विधिमंडळापुढे येऊ लागला की मग संशोधकांना त्यांची यंत्रे घेऊन बोलवावे.